न आलेल्या प्रतिवादीचं काय करायचं?

उधारीच्या वसुलीच्या दाव्यात एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे प्रतिवादी गैरहजर असताना वादीच्या बाजूने निकाल झाला म्हणून वादीचा वकील पेढे वाटत नाही. खरं भांडण आता सुरू होणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल होते, जप्तीचं वॉरंट घेऊन बेलिफ दुकानात जातो, आणि इतकी वर्षं कोर्टाची पायरी न चढलेला प्रतिवादी दुसऱ्या दिवशी सकाळी वकीलपत्रासकट हजर होतो. अर्जात पहिलंच वाक्य असतं, ‘मला या दाव्याचं समन्स कधीच मिळालं नाही.’ कधी हे धडधडीत खोटं असतं आणि कधी शंभर टक्के खरं. या दोन माणसांना वेगळं कसं ओळखायचं आणि वेगळं कसं वागवायचं, यावर आपल्या कोर्टांनी गेल्या पन्नास वर्षांत बरंच लिहिलं आहे. तरीही रोजच्या कामात दोघांना एकाच मापाने मोजलं जातं. एखाद्या कोर्टात दोघांनाही हजार-दोन हजारांच्या खर्चावर पुन्हा आत घेतात, दुसऱ्या कोर्टात दोघांनाही दार बंद.

माझं म्हणणं असं आहे. ज्याला दाव्याची खबर होती आणि तरी जो आला नाही, त्याने आधी पैसे भरावेत आणि मग बोलावं. ज्याला खबरच नव्हती त्याच्याकडून एक रुपयाही न मागता दावा पुन्हा उघडावा. आणि प्रतिवादी येवो न येवो, हिशेब न्यायाधीशाने स्वतः तपासल्याशिवाय हुकूमनामा होऊ नये. यातला तिसरा मुद्दा सगळ्यात दुर्लक्षित आहे, म्हणून तो आधी घेतो.

प्रतिवादी आला नाही किंवा त्याने मुदतीत कैफियत (लेखी उत्तर) दिली नाही, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 8 नियम 10 खाली कोर्ट लगेच निकाल देऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने 1999 साली बलराज तनेजा विरुद्ध सुनील मदन या प्रकरणात याला चांगलाच लगाम घातला. कैफियत नाही म्हणून वादपत्रात लिहिलेलं सगळं डोळे झाकून खरं धरायचं नाही, हुकूमनामा देण्याजोगं काही सिद्ध झालंय का हे कोर्टाने पाहायचं, आणि निकालाला कारणं द्यायची, हे त्यात स्पष्ट आहे. ते प्रकरण जागेच्या व्यवहाराचं होतं, पण खरी गरज या दंडकाची उधारीच्या दाव्यात आहे. कारण उधारीचा दावा म्हणजे शेवटी एक आकडा, आणि आकडा कोणी तपासायला नसला की तो फुगतो.

कसा फुगतो ते बघा. समजा इचलकरंजीतल्या एका सूत व्यापाऱ्याने एका यंत्रमागवाल्याला माल दिला. बिलं 18 लाख 60 हजारांची, त्यातले 9 लाख आले. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला खातेउतारा सांगतो, बाकी 9 लाख 60 हजार. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं असतं, ‘मुदतीनंतर द.सा.द.शे. 24 टक्के व्याज आकारले जाईल.’ त्या ओळीखाली घेणाऱ्याची सही नसते. हमालाने माल उतरवून घेताना दुसऱ्या प्रतीवर ठोकलेला शिक्का तेवढा असतो. वादपत्रात 24 टक्क्यांनी दोन वर्षांचं व्याज लागतं, 4 लाख 60 हजार 800. मागणी होते 14 लाख 20 हजार 800 रुपयांची. आता यंत्रमागवाला कोर्टात आला असता तर त्याने काय सांगितलं असतं? 1 लाख 40 हजारांचं सूत खराब निघालं म्हणून परत पाठवलं, त्याची क्रेडिट नोट खात्यात चढलेली नाही. उधारी साठ दिवसांची ठरली होती, व्याज मात्र बिलाच्या तारखेपासून लावलंय. आणि 24 टक्के कोणी कबूल केले होते? परत गेलेला माल वजा केला, साठ दिवस सोडले आणि व्याज 12 टक्के धरलं, तर येणं होतं 10 लाख 400. दोन आकड्यांत चार लाख वीस हजारांची तफावत आहे, आणि व्यापाऱ्याने या सगळ्यात एकही खोटं कागदपत्र केलेलं नाही.

यातलं निम्मं न्यायाधीशाला प्रतिवादीशिवायही दिसू शकतं. उधारीची मुदत बिलावरच छापलेली असते. माल परत गेल्याच्या खुणा खातेउताऱ्यात किंवा दाव्यापूर्वीच्या पत्रव्यवहारात बऱ्याचदा सापडतात. व्याजाचा करार झाला होता का, हा प्रश्न तर साक्षीदाराला एका वाक्यात विचारता येतो. प्रत्यक्षात काय होतं? वादीचं सरतपासाचं, म्हणजे त्याच्या साक्षीचं शपथपत्र दाखल होतं, कागदांवर पुराव्याच्या निशाण्या पडतात, ‘प्रतिवादी गैरहजर, उलटतपास नाही’ असा शेरा होतो, आणि निकालात वादपत्राची विनंती जशीच्या तशी उतरते. न्यायाधीशांना दोष द्यायला मन होत नाही, बोर्डावर रोज ढीगभर प्रकरणं असतात. पण ज्या प्रकरणात समोर वकील नाही तिथेच न्यायाधीशाचं काम वाढतं. आपल्याकडे नेमकं तिथेच ते कमी झालं असं धरलं जातं.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी वाटायला नको. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं जाळली, ते दख्खनचे दंगे. त्यामागे कर्ज होतं, सारा होता, कापसाचे पडलेले भाव होते. आणि दिवाणी कोर्टातले एकतर्फी हुकूमनामेही होते. कुळाला समन्स वाचता येत नसे, तालुक्याच्या गावी जाणं परवडत नसे, आणि गेलं तरी खतावरचा अंगठा नाकारता येत नसे. दंग्यांनंतर चौकशी आयोग बसला आणि 1879 साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. त्याच्या सातव्या कलमात एक तरतूद होती, ती मला आजही विलक्षण वाटते. अशा प्रत्येक दाव्यात कोर्टाने प्रतिवादीला साक्षीदार म्हणून तपासायचंच, आणि तशी गरज स्पष्टपणे नाही असं वाटलं तर कारण लेखी नोंदवायचं. पुढे बाराव्या-तेराव्या कलमांत खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा इतिहास उकरायला आणि मुद्दल-व्याजाचा वेगवेगळा हिशेब मांडायला सांगितलं होतं. जोडीला हिंदू कायद्यातला दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यातली कोर्टं लावतच होती: एका वेळी वसूल होणारं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ द्यायचं नाही.

आजचा यंत्रमागवाला म्हणजे 1875 सालचं कूळ नव्हे, हे मान्य. त्याच्याकडे जीएसटी क्रमांक आहे, करसल्लागार आहे, व्हॉट्सॲप आहे. म्हणूनच त्याला कोर्टाने हाताला धरून आणावं, असं मी म्हणत नाही. मात्र वही तपासायचं काम 1879 सालचं सरकार न्यायाधीशाकडून करून घेऊ शकत होतं, तर आज टॅलीच्या दोन पानांचा उतारा वाचायला हरकत नसावी. एकतर्फी निकालात मुद्दल किती, कोणत्या तारखेपासून कोणत्या दराने व्याज, वजावट कशाची आणि का, एवढं लिहिणं सक्तीचं करा. अर्ध्या पानाचं काम आहे.

आता ज्याला खबर होती त्याच्याकडे वळू. व्यापारी न्यायालय कायदा 2015 साली आला. त्याआधीही कैफियतीला 30 दिवस, फार तर 90, अशी मुदत संहितेत होतीच. पण 2005 साली कैलाश विरुद्ध नान्हकू आणि सेलम बार असोसिएशन या दोन निकालांनी ती मुदत पाळणं बंधनकारक नाही असं ठरवलं, आणि मग मुदतवाढीचे अर्ज नेहमीचेच होऊन बसले. व्यापारी दाव्यांपुरता हा रस्ता संसदेने बंद केला. समन्स बजावल्यापासून 120 दिवस झाले की कैफियत देण्याचा हक्क संपतो, आणि एससीजी कॉन्ट्रॅक्ट्स प्रकरणात 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही मुदत वाढवायचा अधिकार कोर्टाला उरलेलाच नाही. करोनाच्या काळातले दिवस वगळले गेले तेवढे. बाकी 121व्या दिवशी आणलेली कैफियत कितीही उत्तम असो, ती रेकॉर्डवर येत नाही.

या कडकपणाला माझा पाठिंबा आहे, थोडी कुरबूर राखून. मूळ कायदा एक कोटी आणि त्यावरच्या दाव्यांसाठी होता. 2018 साली ती रक्कम तीन लाखांवर आणली. कायदा विभाग बाळगणाऱ्या कंपन्यांसाठी बांधलेली भिंत अशी हार्डवेअरच्या दुकानदारासमोरही उभी राहिली. हा दुकानदार समन्स घेतो, सीएकडे पाठवतो, सीए ‘वकिलाला दाखवा’ म्हणतो, मग ‘दिवाळी होऊ दे, बघू’ असं ठरतं. एकशेवीस दिवस असे जातात. तरीही कैफियत गेली म्हणजे सगळं गेलं असं नसतं, आणि हे दुकानदारांना तर सोडाच, काही वकिलांनाही नीट माहीत नसतं. मॉड्युला इंडिया प्रकरणात 1988 सालीच ठरलेलं आहे की बचाव काढून टाकलेला प्रतिवादीसुद्धा वादीच्या साक्षीदाराचा उलटतपास घेऊ शकतो आणि वादीचं म्हणणं त्याच्याच कागदांवरून टिकत नाही हे दाखवू शकतो. स्वतःची वेगळी कहाणी तेवढी सांगता येत नाही. वरच्या उदाहरणातला व्याजाचा आणि साठ दिवसांचा मुद्दा निव्वळ उलटतपासात सुटला असता.

समरी, म्हणजे झटपट निकालाच्या दाव्याची गोष्ट वेगळी, आणि पैसे भरून बोलण्याचं तत्त्व सगळ्यात नीट तिथेच घडवलं गेलंय. हुंडी, वचनचिठ्ठी, चेक किंवा ठरीव रकमेचा लेखी करार असेल तर आदेश 37 खाली दावा लावता येतो. प्रतिवादीने दहा दिवसांत हजर व्हायचं, पुढच्या समन्सनंतर दहा दिवसांत बचावाची परवानगी मागायची. इथे बचाव हा हक्क म्हणून मिळत नाही, मागून घ्यावा लागतो. परवानगी कधी द्यायची याची सूत्रं 1976 सालच्या मेकॅलेक निकालात होती. 2016 साली आयडीबीआय ट्रस्टीशिप विरुद्ध हबटाउन या, मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या प्रकरणात न्यायमूर्ती नरिमन यांनी ती नव्याने मांडली. बचाव भक्कम असेल तर बिनशर्त परवानगी. भक्कम नसला तरी चौकशीजोगा आणि रास्त असेल तरीही सहसा बिनशर्तच. प्रतिवादीच्या प्रामाणिकपणाची शंका आली तर रक्कम भरायची किंवा तारण द्यायचं. बचाव शक्य कोटीतला पण पटण्याजोगा नसेल तर मुद्दल आणि व्याजसुद्धा कोर्टात भरायला लावता येतं. आणि बचाव पोकळ असेल तर परवानगी नाही, सरळ हुकूमनामा. त्या प्रकरणात प्रतिवादी कंपनीचं म्हणणं होतं की ज्या गुंतवणुकीतून हे देणं उभं राहिलं तो व्यवहारच परकीय चलनाच्या कायद्याविरुद्ध आहे. उच्च न्यायालयाने बिनशर्त परवानगी दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने 418 कोटींची मुद्दल कोर्टात भरा किंवा तेवढं तारण द्या, मग हा बचाव चालवा, असं सांगितलं. पैसे घेताना कायदा आठवला नाही आणि परत करताना आठवला, अशा बचावाला याहून योग्य उत्तर मला सुचत नाही.

पुढे 2022 साली बी. एल. कश्यप विरुद्ध जेएमएस स्टील्स या निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की परवानगी देणं हा सर्वसाधारण नियम आणि नाकारणं हा अपवाद. हे वाक्य प्रतिवादीचे वकील हल्ली प्रत्येक लेखी युक्तिवादात टाकतात, जणू हबटाउन निकाल रद्दच झाला. निकाल पुढे वाचला तर दिसतं की परवानगी आणि बिनशर्त परवानगी यांत त्याने गल्लत केलेली नाही. बचावाबद्दल शंका असेल तर अट घाला, पण शंका आहे एवढ्यावरून दार बंद करू नका, असा त्याचा रोख आहे. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर अटीवर परवानगी हीच मधली आणि सर्वात कामाची वाट ठरते. खालची कोर्टं मात्र अट घालायला कचरतात. रक्कम ठरवायची तर बचावाचं वजन करावं लागतं, कारणं लिहावी लागतात, वरच्या कोर्टात आव्हान दिलं जातं. बिनशर्त परवानगीच्या आदेशाला दोन ओळी पुरतात.

हेच माप एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याच्या अर्जाला का लावू नये? आदेश 9 नियम 13 खाली समन्स नीट बजावलं नव्हतं किंवा गैरहजेरीला पुरेसं कारण होतं, एवढं दाखवलं की हुकूमनामा रद्द होतो, आणि तसं करताना खर्च किंवा रक्कम कोर्टात भरणं अशा अटी घालायचा अधिकार कोर्टाला नियमानेच दिलेला आहे. तो अधिकार खर्चाच्या किरकोळ रकमेपलीकडे क्वचित वापरला जातो. लघुवाद न्यायालयांच्या 1887 सालच्या कायद्यात मात्र कलम 17 च्या परंतुकाप्रमाणे (कलमाला जोडलेल्या अटीप्रमाणे) एकतर्फी हुकूमनामा रद्द करायचा अर्ज करतानाच हुकूमनाम्याची रक्कम भरावी लागते किंवा आधी परवानगी काढून तारण द्यावं लागतं, आणि ही अट सक्तीची आहे हे सर्वोच्च न्यायालयाने केदारनाथ प्रकरणात 2002 साली सांगितलं. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या 2006 सालच्या कायद्यातही कलम 19 खाली पुरवठादाराच्या बाजूच्या निवाड्याला आव्हान देणाऱ्या खरेदीदाराला 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते. म्हणजे आधी पैसे भरण्याचं तत्त्व आपल्या कायद्याला परकं नाही, फक्त ते कोपऱ्याकोपऱ्यांत विखुरलेलं आहे.

यावर मोठा आक्षेप येतो, तो गंभीर आहे. पैसे भरून बोला म्हणजे ज्याच्याकडे पैसे आहेत त्यानेच बोला. ज्याचा धंदाच बसला आहे तो 14 लाख कुठून आणणार? आणि ज्याला खरंच समन्स मिळालं नाही, त्याच्यावर ही अट म्हणजे दुहेरी मार. म्हणूनच 1887 च्या कायद्यातली सरसकट अट मला मान्य नाही. ती या दोन माणसांत फरकच करत नाही. पहिल्या भागाचं उत्तर रकमेत आहे. संपूर्ण हुकूमनाम्याची नव्हे, तर प्रतिवादीच्याच खात्यात देणं म्हणून दिसणारी रक्कम भरायला लावा. व्यापाऱ्याने लावलेल्या 14 लाख 20 हजारांवर वाद असेल. यंत्रमागवाल्याच्या स्वतःच्या ताळेबंदात त्या व्यापाऱ्याच्या नावावर जी बाकी उभी आहे, तिच्यावर वाद कसला? रोख नसेल तर बँक हमी द्या, मशिनरी तारण द्या. समरी दाव्यात कबूल असलेली रक्कम भरल्याशिवाय परवानगी नाही, असं आदेश 37 मध्ये लिहिलेलंच आहे.

दुसऱ्या भागाचं उत्तर समन्सच्या कागदात शोधावं लागतं, आणि इथे वादीही साजूक नसतात. तीन वर्षांपूर्वी सोडलेल्या गाळ्याचा पत्ता मुद्दाम दिला जातो. पोस्टाचा लखोटा ‘इसम राहत नाही’ म्हणून परत येतो, मग बंद शटरवर समन्स डकवलं जातं आणि बेलिफाच्या अहवालात कोणाचं नाव नसलेल्या ‘शेजाऱ्यां’चा उल्लेख येतो. त्याच काळात वादीच्या मोबाइलवरून प्रतिवादीला रोज ‘पेमेंट कधी?’ असे निरोप जात असतात! म्हणजे तो कुठे आहे हे वादीला ठाऊक असतं. 1976 सालच्या दुरुस्तीने बजावणीतल्या निव्वळ तांत्रिक चुकीवर हुकूमनामा रद्द करू नये असं सांगितलं, ते ठीकच. पण त्याचा अर्थ बजावणीकडे बघूच नये असा होत नाही.

व्यापारी दाव्यांत खबर होती की नव्हती हे ठरवायला एक चांगला पुरावा आता आपोआप तयार होतो आणि त्याचा उपयोग फारसा कोणी करत नाही. तातडीचा अंतरिम दिलासा मागितलेला नसेल तर व्यापारी न्यायालय कायद्याच्या कलम 12अ खाली दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे; पाटील ऑटोमेशन निकालाने 2022 साली हे पक्कं केलं. विधी सेवा प्राधिकरण समोरच्या पक्षाला नोटीस काढतं, तो आला नाही तर तसा अहवाल होतो. ती नोटीस त्याला त्याच पत्त्यावर मिळाली होती, त्याने पोच दिली होती, आणि वर्षभराने तो म्हणतो की दाव्याचं समन्स मिळालंच नाही, तर कोर्टाने भुवया उंचवायलाच हव्यात. उलट मध्यस्थीची नोटीसही पत्ता चूक म्हणून परत आली असेल आणि वादीने वादपत्रात पुन्हा तोच पत्ता टाकला असेल, तर शटरवर डकवलेल्या कागदावर हुकूमनामा व्हायलाच नको होता, आणि तो रद्द करताना खर्च वादीने द्यावा.

या सगळ्यासाठी दिल्लीला जायची गरज नाही. संहितेच्या कलम 122 खाली उच्च न्यायालय आदेश आणि नियम आपल्या हद्दीपुरते बदलू शकतं, आणि मुंबई उच्च न्यायालयाने ते पूर्वी अनेकदा केलंही आहे. आदेश 9 नियम 13 मध्ये एक परंतुक घालायचं: खबर असल्याचं दिसलं तर प्रतिवादीच्या स्वतःच्या हिशेबातली बाकी भरल्याशिवाय हुकूमनामा रद्द नाही, नसल्याचं दिसलं तर कोणतीही अट नाही. आणि आदेश 8 नियम 10 खालच्या निकालाला हिशेबाचा तक्ता जोडणं सक्तीचं करायचं. हुकूमनाम्यांची अंमलबजावणी सहा महिन्यांत संपवा असं सर्वोच्च न्यायालयाने राहुल शहा प्रकरणात 2021 सालीच सांगितलं आहे. रक्कम आधीच कोर्टात जमा असेल, तर वादी जिंकल्यावर तेवढ्यापुरती दरखास्त लावायची वेळच येणार नाही.